वाक्यात उपयोग करा

वाळपईला शनिवारी प्रशिक्षण होतं.
विषय: मुलांच्या भावना.
आम्ही अठ्ठावीस शिक्षक, चहा, दोन दोन भजी,
आणि जोविता मिस, माझ्या धाकटीच्या वयाची,
जिने आम्हाला मुलांच्या बाकांवर बसवलं.
गुडघे बाकाखाली मावेनात. कुणीतरी हसलं.

तिने विचारलं, मूल रडलं तर तुम्ही काय म्हणता?
फळा बघता बघता भरला:
गप्प. पुरे आता. एवढ्याने काय होतं.
मोठा ना तू. मुलगा ना तू.
डोळे पूस, पाढे म्हण.
शेवटचं माझं.
सव्वीस वर्षं वापरलेलं, अजून न झिजलेलं.

मग तिने चार चेहरे चिकटवले,
आनंद, दुःख, राग, भीती,
आणि माझ्यातली मराठीची बाई फणफणली.
चारच?
अगो, आमच्याकडे हिरमुसणं आहे, फुरंगटणं आहे,
चुटपुट आहे, हुरहुर आहे, घुसमट आहे,
खट्टू होणं, कावरंबावरं होणं,
मुसमुसणं वेगळं आणि स्फुंदणं वेगळं.
उभी राहून सांगत सुटले.
तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली,
"बाई, यातलं तुमच्या वर्गात कोण कोण आहे?"

मला शब्द पाठ होते.
दरवर्षी फळ्यावर लिहिते, वाक्यात उपयोग करा.
मुलं लिहितात, राम हिरमुसला. सीता हिरमुसली.
मी बरोबरची खूण करते.
कोण राम, कशाने हिरमुसला,
कधी विचारलंय?

परतीच्या कदंबात प्रज्योत आठवला.

प्रज्योत गावकर, इयत्ता चौथी.
जूनपासून चौथीत तो एकटाच.
दीप्तेशला बापाने वाळपईच्या इंग्रजी शाळेत घातला,
त्या दिवशी मी पटाच्या वहीत अकराचे दहा केले
आणि आणखी किती गेले की कुलूप लागेल,
तेवढंच मोजत राहिले.
त्याच आठवड्यात प्रज्योतने पहिलीच्या पोरांच्या
सगळ्या पेन्सिलींची टोकं मोडली.
मी पाढे म्हणायला लावले.
सतराचा म्हणाला. न चुकता.

सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी
वळणावरून पिवळा बालरथ गेला.
मी पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता
प्रज्योतकडे बघितलं.
खिडकीकडे पाठ करून तो पेन्सिलीला टोक काढत होता,
काढतच होता,
नखाएवढी उरेपर्यंत.

मुलाच्या उंचीवर या, असं मिस म्हणाली होती.
त्याच्या बाकावर बसायला मी वाकले.
"थंय बसूं नाकात."

शाळेत मराठीच बोलायचं हा माझाच नियम.
मी उठले. खाली फरशीवर बसले,
गुडघ्यातली कळ कमरेत गेली.
"कितें जालें रे?"
"कांय ना."
यापुढे काय बोलायचं ते दोन पानं लिहून घेतलं होतं,
पण वही पिशवीत, पिशवी खुंटीला.
म्हणून नुसती बसले.
त्याच्या सदऱ्यावर बोंडूचा डाग होता,
गेल्या मे महिन्यातला, दोघे होते तेव्हाचा.
काजूचा डाग धुऊन जात नाही
हे सत्तरीत कुणाला शिकवावं लागत नाही.
पहिलीची पोरं दारातून बघत होती,
बाई अशा खाली का बसल्यात.

दुपारी भाषेच्या तासाला फळ्यावर लिहिलं:
हिरमुसणे. वाक्यात उपयोग करा.
त्याने वही आणून ठेवली.

'दीप्तेश बालरथात उजवीकडच्या खिडकीत बसतो
आणि आमची शाळा डावीकडे येते.'

दिलेला शब्द कुठेच नाही.
मी लाल पेनाचं टोपण काढलं.
थोडा वेळ तशीच.
मग परत बसवलं.